सोमवारी पहाटेच रुसणारी गाडी

प्रश्न : मी मूळ नाशिकची असून ठाण्यात एका बँकेत नोकरीला आहे. सोमवारी पहाटे पाचला निघते, आठवडाभर ठाण्यात राहते आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत घरी परतते. गेल्या गुढीपाडव्याला नवी एसयूव्ही घेतली. घाटातून एकटीने जायचे असते म्हणून मुद्दाम ‘एडास’ (कॅमेरा-रडारच्या आधारे चालकाला मदत करणारी यंत्रणा) असलेले मॉडेल निवडले. जूनपासून मात्र या यंत्रणेने छळ मांडला आहे. कधी तीन-चार दिवे एकदम लागतात आणि ‘पुढील कॅमेरा तपासा’ असा संदेश येतो. इगतपुरीला चहाला थांबून गाडी पुन्हा सुरू केली की सगळे गायब होते. कधी कसारा घाटात पावसात ‘रडार तात्पुरते उपलब्ध नाही’ असे दाखवते. एकदा तर घाटातल्या वळणावर समोर कोणी नसताना गाडीने आपणहून ब्रेक मारला आणि मागचा ट्रक थोडक्यात थांबला. सर्व्हिस सेंटरला गाडी दोनदा दिली; दोन्ही वेळा जॉब कार्डावर ‘बिघाड आढळला नाही’ असे लिहून, धुऊन परत मिळाली. यजमान म्हणतात, गाडी बदलून माग. वडील म्हणतात, ते सगळे बंद करून टाक. मी काय करावे? डॅशबोर्डचे आणि पुढच्या काचेचे फोटो सोबत जोडले आहेत. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले आणि फोटो त्याहून अधिक वेळा पाहिले. माझे मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचे वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. आपण तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच तक्रारीच्या गाठोड्यात बांधल्या आहेत आणि सर्व्हिस सेंटरपुढे ते गाठोडे तसेच ठेवले आहे. पावसातला रडारचा संदेश हा बिघाड नाही. वळणावरचा ब्रेक ही गंभीर बाब आहे, परंतु तिची चौकशी वेगळ्या वाटेने करावी लागेल. उरले सोमवार पहाटेचे दिवे. तो खरा बिघाड आहे, आणि संदेशात कॅमेऱ्याचे नाव येत असले तरी तो कॅमेऱ्याचा नसावा असे मला वाटते.

आपण पाठवलेला डॅशबोर्डचा पहिला फोटो पाहा. घड्याळात ५:०७ वाजले आहेत, ट्रिप मीटरवर १.८ किलोमीटर आहे आणि बाहेरचे तापमान २३ अंश आहे. कॅमेऱ्याचा संदेश मधोमध ठळक अक्षरांत असल्यामुळे आपले सगळे लक्ष त्याच्यावर गेले, हे स्वाभाविक आहे. परंतु त्याच्या डावीकडे एबीएसचा (ब्रेक मारताना चाके जखडू न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा आहे, त्याखाली घसरणाऱ्या गाडीचे, म्हणजे स्थिरता-नियंत्रणाचे, चित्र आहे, उजवीकडे स्टीअरिंगचे चिन्ह आहे, आणि अगदी कोपऱ्यात, गोल बाणात ‘ए’ अक्षर असलेले, थांबल्यावर इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या स्टार्ट-स्टॉपचे चिन्ह आडवी रेघ मारलेल्या अवस्थेत दिसते. दुसरा फोटो इगतपुरीचा, ६:०४ चा. त्यात यांपैकी एकही दिवा नाही. चार स्वतंत्र यंत्रणा एकाच क्षणी आजारी पडाव्यात आणि तासाभरात एकदमच बऱ्या व्हाव्यात, हे संभवत नाही. त्या चौघींचे जे काही सामाईक आहे तिथेच शोध घ्यावा लागतो.

सामाईक गोष्टी मुख्यतः दोन. एक म्हणजे या यंत्रणा ज्या तारांवरून एकमेकींशी बोलतात ती जोडणी. बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगासमोर मांडलेली ‘कॅन’ नावाची पद्धत आजही बहुतेक गाड्यांत वापरली जाते. कॅमेऱ्यामागचे नियंत्रक, म्हणजे छोटा संगणक, चाकांचा वेग एबीएसकडून घेते, स्टीअरिंग किती वळले आहे ते स्टीअरिंगच्या नियंत्रकाकडून घेते, आणि यांपैकी कोणाची माहिती आली नाही किंवा विश्वासार्ह वाटली नाही तर स्वतःचे काम थांबवून चालकाला तसे कळवते. म्हणजे कॅमेरा धडधाकट असूनही संदेशात नाव त्याचेच येते. घरातला दूधवाला आला नाही म्हणून चहा झाला नाही, तर दोष चहा करणाऱ्याला देऊ नये, तसेच हे आहे. दुसरी सामाईक गोष्ट म्हणजे या सर्वांना वीज पुरवणारी १२ व्होल्टची बॅटरी.

आता आपल्याच पत्रातले वेळापत्रक मांडून बघू. शुक्रवारी रात्री नऊ ते सोमवारी पहाटे पाच, म्हणजे सलग ५६ तास गाडी उभी असते. ठाण्यात ती रोज हलते. पाऊस तिथेही पडतो, कॅमेरा तोच आहे, रडार तेच आहे, तरी आठवड्यात एकदाही हे दिवे लागल्याचे आपण लिहिलेले नाही. उन्हाची तिरीप कॅमेऱ्यावर येत असेल अशी शंका कोणी काढली तर तीही टिकत नाही, कारण पहाटे पाचला सूर्य उगवलेला नसतो आणि उगवतो तेव्हा नाशिकहून नैर्ऋत्येकडे जाणाऱ्या गाडीच्या तो पाठीशी असतो. बदललेली गोष्ट एकच आहे : गाडी किती वेळ उभी होती.

आणि उभ्या गाडीत काय चालू होते, याचे उत्तर आपल्या तिसऱ्या फोटोत आहे. पुढच्या काचेवर, आरशाच्या उजव्या अंगाला, रस्त्याचे चित्रीकरण करणाऱ्या डॅशकॅमचा हिरवा दिवा चमकतो आहे. गाडी बंद आहे, चावी आपल्या हातात असणार, आणि डॅशकॅम मात्र जागा आहे. याचा अर्थ तो ‘पार्किंग मोड’वर जोडलेला आहे आणि त्याला चोवीस तास बॅटरीतून वीज मिळते. पत्रात डॅशकॅमचा उल्लेख नाही. बहुधा बाहेरच्या अ‍ॅक्सेसरीवाल्याकडून बसवून घेतला असेल आणि वॉरंटी जाईल या भीतीने सर्व्हिस सेंटरलाही तो सांगितला नसेल. ही भीती मी समजू शकतो, पण डॉक्टरपासून पथ्य लपवून औषध मागितल्यासारखे ते होते. जे यंत्र कंपनीने बसवलेले नाही, त्याच्यासह गाडी तपासली गेली पाहिजे आणि त्याच्याविनाही.

हिशेब साधा आहे. असा डॅशकॅम पार्किंगमध्ये साधारण ०.३ अँपिअर वीज घेतो असे धरले, तर ५६ तासांत सुमारे १७ अँपिअर-तास खर्च होतात. गाडीचे स्वतःचे घड्याळ, अलार्म, चावीची वाट पाहणारा रिसीव्हर मिळून आणखी दोन-अडीच. आपल्या आकाराच्या गाडीत ५०-६० अँपिअर-तासांची बॅटरी असते, म्हणजे एका शनिवार-रविवारात तिचा तिसरा हिस्सा गेला. बॅटरी भरलेली आणि ताजी असती तर तिने हे निभावून नेले असते. पण आपल्या बाबतीत दोन गोष्टी विरोधात आहेत. ठाण्यात रोज घर ते बँक एवढेच अंतर एसी लावून तोडले जाते, आणि तेवढ्यात स्टार्टरने घेतलेली वीजसुद्धा नीट भरून निघत नाही. शिवाय आधुनिक गाड्यांतला अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणारे जनित्र, इंधन वाचवण्यासाठी बॅटरी काठोकाठ भरण्याच्या मागे लागत नाही. त्यात पाडव्याला मिळालेली गाडी जर आधीच्या वर्षी तयार होऊन यार्डात महिनोन्‌महिने उभी असेल, तर ती बॅटरी आपल्या घरी आली तेव्हाच थकलेली होती. आर.सी.वर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेले असते. ते आज काढून बघावे.

उतरलेल्या बॅटरीवर पहाटे स्टार्टरचे बटण दाबले की क्षणभर व्होल्टेज दाणकन खाली येते. इंजिन सुरू होते, आपल्याला काहीच जाणवत नाही, फार तर सेल्फ जरा जड फिरल्यासारखा वाटतो. परंतु त्याच क्षणी जागी होऊन स्वतःची तपासणी करणारी नियंत्रके त्या खालच्या व्होल्टेजमध्ये अडखळतात आणि दोष नोंदवतात. पुष्कळ यंत्रणांची रीत अशी असते की सुरुवातीच्या तपासणीत एकदा नापास झाले की पुढचे इग्निशन होईपर्यंत दिवा जात नाही. इगतपुरीपर्यंत तासभर गाडी चालते, बॅटरी सावरते, चहानंतरचे सुरू होणे निर्धोक पार पडते, आणि दिवे नाहीसे होतात. सर्व्हिस सेंटरला गाडी आपण कधी दिलीत? ठाण्याच्या वाटेवर किंवा ठाण्यात, दिवसाउजेडी, चालवत नेऊन. तिथल्या मुलाने नियंत्रकांतले दोष वाचणारा स्कॅनर जोडला तेव्हा त्याच्यासमोर तंदुरुस्त बॅटरीची गाडी होती. तो खोटे बोलला असे मी म्हणणार नाही. त्याने सोमवारी पहाटे पाचची गाडी पाहिलेलीच नाही.

हे सर्व अजून अनुमान आहे, आणि ते पडताळून पाहणे आपल्या हातात आहे. चारशे-पाचशे रुपयांत साधा मल्टिमीटर मिळतो. येत्या रविवारी रात्री झोपण्यापूर्वी बॉनेट उघडून ठेवावे, म्हणजे सोमवारी पहाटे कुलूप उघडण्याने, दार उघडण्याने गाडीतली नियंत्रके जागी होऊन आकडा बिघडणार नाही. पहाटे गाडीला हात न लावता बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर धरावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे आणि माझे अनुमान चुकले. १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. १२ किंवा त्याखाली असेल तर संशयित सापडला असे समजावे. त्यानंतर घरातल्या कोणाला तरी बटण दाबायला सांगून, इंजिन फिरतानाचा आकडाही बघावा. साध्या मीटरला तो क्षण नीट पकडता येत नाही, तरी काटा किंवा आकडा दहाच्या खाली गेलेला दिसला तर नोंद करावी. इंजिन चालू झाल्यावर साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान आकडा आला म्हणजे अल्टरनेटर आपले काम करतो आहे.

पुढच्या शुक्रवारी रात्री डॅशकॅमचा फ्यूज काढून ठेवावा आणि सोमवारी काय होते ते पाहावे. असे निदान तीन आठवडे करावे, कारण अधूनमधून येणाऱ्या बिघाडात एखादा सोमवार नशिबानेही कोरडा जातो. या काळात दुसरे काहीही बदलू नये. बॅटरी नवी घातली, सॉफ्टवेअर अपडेट केले आणि डॅशकॅमही काढला, असे तिन्ही एका दिवशी केले की दिवे जातील, पण कशाने गेले ते कधीच कळणार नाही. डॅशकॅम पुन्हा हवाच असेल तर त्याच्या जोडणीच्या डबीवर वीज कधी तोडायची ते ठरवण्याची सोय बहुधा असते. बसवणारे ती सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवून मोकळे होतात, कारण तक्रार ‘रेकॉर्डिंग झाले नाही’ अशीच येते. ती १२.४ व्होल्टवर ठेवून घ्यावी.

डॅशकॅमची तार कुठे जोडली आहे, हेही पाहिले पाहिजे. याबाबतीत मी स्वतः एकदा फसलो आहे. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांच्या गाडीत पावसाळ्यात असेच दिवे लागत. बॅटरी उत्तम, स्कॅनरवर कधी एबीएस, कधी स्टीअरिंग. मी दोन दिवस चाकांच्या सेन्सरमागे घालवले. शेवटी चालकाच्या पायांपाशी आडवा पडून, टॉर्च दातात धरून फ्यूज बॉक्सकडे पाहिले तर मूळ हार्नेसच्या (गाडीतल्या तारांच्या जुडग्याच्या) एका तारेला निळ्या रंगाची चिमट्यासारखी जोडणी दाबून बसवलेली होती. चिमटा उघडला. आतली तांब्याची तार अर्धी तुटलेली आणि उरलेली शेवाळासारखी हिरवी पडली होती. दमट हवेत तिचा संपर्क जाई, ऊन पडले की येई. मागाहून बसवलेल्या वस्तूसाठी मूळ तार कापलेली, टोचलेली किंवा चिमटलेली असेल तर तिथे आधी पाहावे, आणि आपल्या गाडीत तार आरशाजवळून नेताना कॅमेऱ्याचे प्लास्टिकचे आवरण उघडले होते का, हेही बसवणाऱ्याला विचारावे. ते आवरण बसवताना कनेक्टर अर्धवट राहणे काही दुर्मीळ नाही. नाशिकला गाडी बंगल्याच्या आवारात उभी राहत असेल तर उंदरांनाही यादीत घ्यावे; इंजिनाच्या झाकणाखाली लेंड्या किंवा कुरतडलेले फोम दिसले की वायरिंगची तपासणी टाळू नये.

रडारच्या संदेशाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. पुढच्या बंपरमागचे रडार साधारण ७७ गिगाहर्ट्‌झवर चालते आणि त्याच्या लहरींची लांबी सुमारे ४ मिलिमीटर, म्हणजे पावसाच्या टपोऱ्या थेंबाएवढीच असते. मुसळधार पाऊस, पुढच्या ट्रकने उडवलेला चिखल आणि आवरणावर साचलेला पाण्याचा थर यांनी त्याची दृष्टी अधू होते. इगतपुरी-कसाऱ्याच्या पावसात ते ‘मला दिसत नाही’ असे सांगत असेल तर ते प्रामाणिक आहे. न दिसता दिसल्याचे सोंग करणारे रडार मला अधिक धोकादायक वाटले असते. पाऊस थांबून, आवरण ओल्या मऊ फडक्याने पुसूनही संदेश अर्ध्या तासाहून अधिक टिकला, तरच तक्रार नोंदवावी. त्या आवरणावर स्टिकर, रंग, चकचकीत पट्टी किंवा पारदर्शक फिल्म नको, आणि नंबर प्लेटची जाडजूड चौकटही त्याच्यासमोर नको. पुढच्या महिन्यात दसरा आहे. झेंडूचे तोरण बॉनेटवर किंवा मागच्या बाजूला बांधावे. ग्रिलवर आडवे बांधले तर ओल्या फुलांची ती माळ रडारला भिंतीसारखी भासते, आणि मग एकादशीला मला अशीच डझनभर पत्रे येतात. लिंबू-मिरचीलाही हेच लागू. फास्टॅग मात्र आपल्या फोटोत कॅमेऱ्याच्या खिडकीपासून पुरेसा खाली आहे. त्याला हात लावू नका, सोलून काढलेला टॅग निकामी होतो.

आता वळणावरचा ब्रेक. याच्याकडे मी हलकेपणाने पाहत नाही, कारण मागे ट्रक होता. गाडी आपला पुढचा मार्ग स्टीअरिंगच्या कोनावरून आणि वळण्याच्या वेगावरून ताडते. घाटात वळण सुरू होण्याच्या क्षणी तिच्या नाकासमोर रस्ता नसतो. पोलादी कठडा असतो, दिशादर्शक फलक असतो, कडेला बंद पडलेला ट्रक असतो. रडारला ती वस्तू नेमकी सरळ रेषेत आणि वेगाने जवळ येताना दिसते, कॅमेऱ्याला अंधारात किंवा धुक्यात खात्रीने नाही म्हणता येत नाही, आणि गाडी ब्रेक लावते. असे क्वचित होऊ शकते, हे निर्मात्यांच्या मालक-पुस्तिकेतही लिहिलेले असते. परंतु रडार बसवताना किंवा नंतर किंचित हलले असेल तर हे वरचेवर होईल. कोनात एका अंशाची चूक झाली तरी १०० मीटर अंतरावर नेम पावणेदोन मीटरने चुकतो, आणि आपल्या महामार्गावरची एक लेन साडेतीन मीटरची. म्हणजे शेजारच्या लेनमधली गाडी आपल्या लेनमध्ये आल्यासारखी वाटू लागते. म्हणून आठवून पाहावे : पार्किंगमध्ये पुढचा बंपर कशाला टेकला होता का, खड्ड्यात चाक जोरात आदळले होते का, व्हील अलाइनमेंट कुठे बाहेर करून घेतले का, सरळ रस्त्यावर स्टीअरिंग थोडे तिरके धरावे लागते का. यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी असेल तर अलाइनमेंट आणि त्यानंतर रडार-कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन (त्यांचा नेम पुन्हा जुळवणे), या क्रमाने, लेखी मागावे. आणि एक गंमत म्हणजे ज्या डॅशकॅमवर मी एवढा घसरलो, त्याच्याच कार्डात त्या दिवसाचे चित्रीकरण असण्याची शक्यता आहे. जुन्यावर नवे चढण्यापूर्वी ते काढून दोन ठिकाणी ठेवावे. गाडीचा वेग, वळण, समोरची वस्तू आणि ब्रेकचा क्षण दाखवणारा याहून चांगला पुरावा नाही.

सर्व्हिस सेंटरशी बोलण्याची पद्धतही बदलावी लागेल. ‘एडास नीट चालत नाही’ या वाक्यावर कोणताही तंत्रज्ञ काही करू शकत नाही. जॉब कार्डावर असे लिहून घ्यावे : ‘गाडी ५० तासांहून अधिक उभी राहिल्यानंतरच्या पहिल्या स्टार्टला एबीएस, स्थिरता-नियंत्रण, स्टीअरिंग आणि पुढील कॅमेरा यांचे दिवे एकत्र लागतात, पुढच्या इग्निशनला जातात, तारखा सोबत, फोटो सोबत.’ त्याखाली तीन मागण्या लिहाव्यात. कोड पुसण्यापूर्वी सर्व नियंत्रकांचा स्कॅन अहवाल छापून किंवा पीडीएफ करून मिळावा. त्यात चालू दोषांसोबत इतिहासातले दोषही असावेत आणि दोष नोंदला गेला तेव्हाचे व्होल्टेज, वेग, किलोमीटर ही माहिती असावी. आणि गाडी शुक्रवारी संध्याकाळी ताब्यात घेऊन सोमवारी सकाळी स्कॅनर जोडून मगच पहिल्यांदा सुरू करावी. दोष-कोडांचे पहिले अक्षर लक्षात ठेवण्यासारखे आहे. ‘यू’ने सुरू होणारे कोड नियंत्रकांमधला संवाद तुटल्याचे सांगतात, उदाहरणार्थ ‘यू ०१२१’ म्हणजे एबीएसशी संपर्क तुटला. असे ‘यू’ कोड तीन-चार नियंत्रकांत एकाच किलोमीटरवर नोंदलेले आढळले, तर वीजपुरवठा किंवा जोडणी याच दिशेने जावे; ‘सी’ने सुरू होणारा एकच कोड एका विशिष्ट चाकाच्या सेन्सरकडे बोट दाखवत असेल, तर तो सेन्सर आणि त्याची तार बघावी. बाजारातला स्वस्त ब्लूटूथ रीडर मुख्यतः इंजिनाचे कोड वाचतो. त्यावर काही दिसले नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. आणि कोणी ‘बॅटरीचे टर्मिनल काढून दहा मिनिटे ठेवा, सगळे रिसेट होईल’ असे सांगितले तर ऐकू नये. दिवे जातील, आणि त्यांच्यासोबत काही नोंदीही पुसल्या जातील.

यजमानांना सांगावे की गाडी बदलून मागण्याची वेळ आलेली नाही. बाहेरून जोडलेला डॅशकॅम समोरच्याच्या हातात पहिल्याच दिवशी पुरावा म्हणून जाईल, आणि तो काढून टाकलेल्या अवस्थेतही दोष येतो हे दाखवल्याशिवाय आपली बाजू उभी राहणार नाही. तसे सिद्ध झाले, आणि लेखी कळवूनही कंपनीने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, मात्र ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. आयोग वस्तूची तांत्रिक तपासणी करवून घेऊ शकतो, म्हणून जॉब कार्डे, स्कॅन अहवाल आणि तारखांची वही आजपासूनच जपावी. त्या वहीत पाच रकाने पुरेत : तारीख व वेळ, गाडी किती तास उभी होती, हवा, कोणते दिवे, ते कशाने गेले.

वडिलांचा सल्ला अर्धा बरोबर आहे. घाटात आणि मुसळधार पावसात अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ (पुढच्या गाडीनुसार वेग राखणारी सोय) आणि लेन सांभाळणारी यंत्रणा बंदच ठेवावी. तिथे दोन्ही हातांना आणि उजव्या पायाला काम असलेले बरे. आपोआप लागणारा ब्रेक मात्र बंद करू नये. त्याची इशारा देण्याची वेळ ‘उशिरा’वर नेऊन ठेवावी. आपल्या गाडीतली यंत्रणा दुसऱ्या पातळीची आहे, म्हणजे ती मदतनीस आहे आणि जबाबदारी पूर्णपणे आपलीच आहे. ती नसताना गाडीचे पायाने लागणारे ब्रेक नेहमीसारखेच लागतात. एबीएसचा पिवळा दिवा लागलेला असताना जोरात ब्रेक मारल्यास चाके जखडू शकतात, म्हणून ओल्या रस्त्यावर अंतर दुप्पट ठेवावे आणि घाट उतरण्यापूर्वी, शक्य तर नाशिक शहर सोडण्यापूर्वीच, सुरक्षित जागी थांबून गाडी बंद-चालू करून पाहावी. पिवळ्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला तर पुढे जाऊ नये. त्या दिवशी ठाण्याला बसने जावे.

सोमवारी पहाटे बॉनेटखाली जो आकडा दिसेल तो, आर.सी.वरचा उत्पादनाचा महिना आणि डॅशकॅमची तार कोणत्या फ्यूजवर घेतली आहे याचा फोटो, एवढ्या तीन गोष्टी मला कळवाव्यात. मीटर १२.५ च्या वर दाखवत असेल तर मी वरचा निम्मा मजकूर मागे घेईन, आणि मग आपण चाकांच्या सेन्सरपासून नव्याने सुरुवात करू.